माणूस हवा की कोडं?

रहस्यकथेचा वाचक : भाग ७

टोकियो स्टेशनवर संध्याकाळी असाकाझे नावाची लांब पल्ल्याची गाडी पंधरा नंबरच्या फलाटावर लागते. तेरा नंबरवर उभ्या असलेल्या माणसाला ती सहसा दिसत नाही, कारण मधल्या रुळांवर सारखी कुठली ना कुठली गाडी असते. पण ५ वाजून ५७ मिनिटांपासून ६ वाजून १ मिनिटापर्यंत मधले रूळ मोकळे असतात. या चार मिनिटांतच तेरा नंबरवरच्या तिघांना समोर एक ओळखीची तरुणी एका पुरुषासोबत त्या गाडीत चढताना दिसते. काही दिवसांनी त्या दोघांचे मृतदेह शेकडो मैल दूर, फुकुओकाजवळ काशीच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडतात. प्रेमी युगुलाने विष घेऊन जीव दिला, असं सगळेच धरून चालतात. फक्त तिथल्या एका वयस्क पोलिसाला मृताच्या खिशातली डायनिंग कारची पावती खटकते. पावती एकाच माणसाच्या जेवणाची असते.

सेइचो मात्सुमोतो यांच्या ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीची ही सुरुवात. १९५७-५८मध्ये ती जपानमधल्या ‘ताबी’ या प्रवासविषयक मासिकात क्रमशः छापली गेली आणि १९५८मध्ये पुस्तक म्हणून आली. मागच्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या डिटेक्शन क्लबचे नियम पाहिले. लेखकाने वाचकापासून धागेदोरे लपवायचे नाहीत, हा त्या सगळ्या नियमांचा गाभा होता. आज जपानकडे वळायचं कारण म्हणजे रहस्यकथेत आपल्याला नक्की काय हवं, यावर जपानी वाचक आणि लेखक जितक्या कसोशीने भांडले, तितकं दुसरीकडे कुणी भांडलं असेल असं मला वाटत नाही.

मात्सुमोतोंच्या आधी तिथे कोड्याचं राज्य होतं. एडगर अॅलन पोच्या नावावरून टोपणनाव घेतलेले एदोगावा राम्पो १९२३पासून लिहीत होते. ज्या कथेत तर्काने सुटणारं कोडं केंद्रस्थानी असतं तिला ‘होन्काकु’ म्हणायची रीतही त्याच दशकात पडली. युद्धकाळात या साहित्यावर बंधनं आली आणि युद्ध संपताच ते उसळून वर आलं. १९४६मध्ये सेइशी योकोमिझो यांनी ‘होन्जिन मर्डर्स’ लिहिली. जुन्या प्रतिष्ठित घराण्यातलं लग्न, लग्नाची रात्र, मध्येच ऐकू आलेले कोतो या तंतुवाद्याचे सूर, आतून बंद खोलीत पडलेले नवरा-नवरी, बाहेर बागेतल्या बर्फात खुपसलेली तलवार आणि बर्फावर पाऊल कुणाचंच नाही. बंद खोलीचा पाश्चात्त्य साचा योकोमिझोंनी जपानी घराच्या सरकत्या दारांत आणि घराण्याच्या अभिमानात असा मुरवला की ती कथा दुसऱ्या कुठल्या देशात घडूच शकली नसती.

मग १९५८ आलं आणि वाचकांची चव बदलली. मात्सुमोतो गरिबीत वाढले होते. शाळा लवकर सुटली, आणि पुढे बरीच वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात मांडणीचं काम केलं. कचेरीतली उतरंड, वरिष्ठांसमोर झुकणारी मान, कंत्राटांसाठी होणाऱ्या मेजवान्या हे सगळं त्यांनी खालच्या पायरीवरून पाहिलेलं होतं. काशीच्या किनाऱ्यावर मेलेला माणूस एका मंत्रालयातला दुय्यम अधिकारी आहे. त्याच्या खात्यात भ्रष्टाचाराची चौकशी चालू आहे, आणि तो मेल्याने वरच्या लोकांची सोय झाली आहे. रोज लोकलने कामावर जाणाऱ्या वाचकाला जमीनदारांच्या हवेल्या परक्या होत्या. हा अधिकारी मात्र त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. अशा कथांना ‘शाकाइहा’, म्हणजे सामाजिक पंथाच्या कथा, असं नाव पडलं. खून कुणी केला यापेक्षा तो का करावा लागला, हा प्रश्न त्यांत मोठा झाला. प्रकाशकांनी हीच वाट धरली, आणि १९६०च्या दशकात योकोमिझोंचं लेखन जवळपास थांबलं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. मात्सुमोतोंना ‘कोड्याचा शत्रू’ ठरवणाऱ्या वाचकांनी त्यांचं पुस्तक अर्धंच वाचलं आहे. ‘पॉइंट्स अँड लाइन्स’चा सांगाडा रेल्वेच्या वेळापत्रकाचा आहे. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस खुनाच्या सुमारास जपानच्या दुसऱ्या टोकाला, होक्काइदोत, होता असं दिसतं. गाड्या, बोटी, तारा, साक्षीदार सगळं त्याच्या बाजूने आहे. तपास अधिकारी मिहारा एकेक जोड उसवत जातो. कामाकुरात अंथरुणाला खिळलेली एक बाई वेळापत्रक हातात घेऊन, या क्षणी देशातल्या कुठल्या स्टेशनात कुठली गाडी उभी असेल याची कल्पना करत पडून राहते. ते प्रकरण मला जागतिक रहस्यकथेतल्या सर्वांत सुंदर पानांपैकी वाटतं. तिचं आजारपण आणि तिचं वेळापत्रक वेगळं काढताच येत नाही. तिथे माणूस आणि कोडं एकाच वाक्यात राहतात. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र मात्सुमोतोंकडून लाचलुचपत घेतली आणि वेळापत्रक टाकून दिलं. पुढची वीस वर्षं झिजलेल्या बुटांनी वणवण करणारे पोलीस आणि लाच खाणारे साहेब इतके झाले की वाचक त्यांना कंटाळला.

योकोमिझोंचं पुनरागमन याचीच खूण होतं. १९७०च्या दशकात काडोकावा प्रकाशनाने त्यांची पुस्तकं पुन्हा काढली, १९७६मध्ये कोन इचिकावा यांनी ‘इनुगामी’वर चित्रपट केला, आणि विसरलेला लेखक घराघरांत पोचला. १९८१मध्ये सोजी शिमादा यांची ‘टोकियो झोडियाक मर्डर्स’ आली. तिच्यात लेखक मध्येच थांबून वाचकाला सांगतो की सगळे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता तुम्ही सोडवा. तेव्हा अनेकांना हे कालबाह्य वाटलं.

खरा स्फोट झाला १९८७मध्ये. युकितो आयात्सुजी यांचं वय तेव्हा २६ होतं. क्योतो विद्यापीठातल्या मिस्टरी क्लबात ते वाढले होते. या क्लबाचा एक खेळ होता: एकाने कथा लिहायची, सगळ्यांसमोर ती उलगड्याच्या अलीकडेपर्यंत वाचायची, ऐकणाऱ्यांनी गुन्हेगार ओळखून कारणं द्यायची आणि मगच शेवट वाचायचा. कारण न देता नुसतं नाव सांगितलं तर त्याला किंमत नाही. समोर बसलेला मित्र आपली प्रत्येक फट शोधणार आहे हे ठाऊक असताना लिहायचं! या शाळेतून आयात्सुजींबरोबर रिन्तारो नोरिझुकी आणि ताकेमारू आबिको हे लेखकही आले. आवडीने वाचणाऱ्यांच्या टोळक्यानेच इथे लेखक घडवले.

आयात्सुजींच्या ‘डेकागॉन हाउस मर्डर्स’मध्ये अशाच एका क्लबातले सात विद्यार्थी निर्जन बेटावरच्या दशकोनी घरात राहायला जातात. एकमेकांना ते एलरी, अगाथा, पो, कार अशा नावांनी हाक मारतात. सुरुवातीलाच एक जण सामाजिक पंथावर तोंडसुख घेतो. भ्रष्ट राजकारण आणि वणवण करणारे पोलीस पुरे झाले, आता मोठा गुप्तहेर द्या, विचित्र माणसांनी भरलेली हवेली द्या, असा त्याचा सूर. नव्या पिढीतल्या वाचकांचा तो जाहीरनामाच ठरला. जुन्या समीक्षकांचं उत्तरही ठरलेलं होतं: यात माणसं उभी राहत नाहीत.

मराठी वाचकाला ही तक्रार नवी नाही. बाबुराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडला वाचनालयांनी डोक्यावर घेतलं, आणि समीक्षेने बराच काळ दाराबाहेर ठेवलं. पण ही तक्रार नीट तपासून घ्यायला हवी, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. शुद्ध कोड्याच्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणापर्यंत प्रत्येक पात्र संशयित राहायला हवं. लेखकाने एकाच्या मनाचा तळ दाखवला की तो एक तर सुटतो, नाही तर सापडतो. म्हणून लेखक सगळ्यांची मनं अर्धवट झाकलेली ठेवतो. दशकोनी घरातल्या त्या मुलांचा सपाटपणा काही अंशी लेखकाच्या तरुण हाताचा आहे, पण बराचसा कथेच्या रचनेचा आहे. ती रचना मान्य नसेल तर पुस्तक जरूर बाजूला ठेवावं. पण कोड्याकडे आत्मचरित्राची खोली मागून मग ती नाही म्हणून त्याला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. आयात्सुजींच्या त्या पुस्तकात एका वाक्याने सगळं उलटंपालटं होतं. तसं वाक्य लिहायला लागणारी शिस्त आणि वाचकाच्या बुद्धीवरचा विश्वास हीसुद्धा साहित्याचीच मूल्यं आहेत.

या भांडणाची सर्वांत चुरशीची फेरी २००५ची. केइगो हिगाशिनो हे मूळचे इंजिनिअर. १९८५मध्ये राम्पोंच्या नावाचा पुरस्कार मिळवून ते लेखनात आले. त्यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ आपल्याकडेही खूप वाचली गेली आहे. २०२३मधला सुजॉय घोष यांचा ‘जाने जां’ तिच्यावरच बेतलेला आहे. घटस्फोटित नवरा त्रास द्यायला घरी येतो, आई-मुलीच्या हातून त्याचा खून होतो आणि शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी तो झाकायला पुढे होतो. खुनी कोण, हे वाचकाला सुरुवातीलाच कळलेलं असतं. ‘दृश्यम’ पाहिलेल्यांना ही बैठक परिचयाची वाटेल. निशिकांत कामत यांनी गोव्यात घडवलेल्या हिंदी आवृत्तीतही पोलिसांना काय कळणार आणि कधी, यावरच आपला जीव टांगलेला असतो.

हिगाशिनोंच्या कादंबरीने त्या वर्षीच्या तिन्ही नामांकित वार्षिक याद्यांत पहिला क्रमांक घेतला आणि जानेवारी २००६मध्ये तिला नाओकी पुरस्कार मिळाला. तेवढ्यात रेइतो निकाइदो या होन्काकु लेखकाने जाहीर आक्षेप घेतला की ही होन्काकु नव्हेच. उलगड्यापर्यंत पोचायला लागणारे सगळे पुरावे वाचकाला दिलेले नाहीत आणि भौतिकशास्त्रज्ञ युकावा जे मांडतो त्यात सिद्धतेपेक्षा अंदाज जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. नियतकालिकांत महिनोन्‌महिने वाद चालला, कियोशी कासाइंसारखे समीक्षक त्यात उतरले. पुस्तक वाईट आहे की चांगलं, हा मुद्दाच नव्हता. त्यावर कोणती पाटी लावायची यासाठी शहाणी माणसं हिरिरीने लिहीत होती, आणि मला ते फार लोभस वाटतं. एखाद्या शब्दाने वाचकाला दिलेलं वचन पाळलं जावं, असं त्यांना वाटत होतं.

निकाइदोंचा प्रश्न रास्त होता, निष्कर्ष मला पटत नाही. इशिगामी परीक्षेत असे प्रश्न काढतो की जे भूमितीचे भासतात आणि सुटतात मात्र बीजगणिताने. वाचकाला एवढी खूण आधीच मिळालेली असते. ती पुरावा नाही, हे कबूल. पण आपण चुकीच्या दिशेने विचार करतो आहोत एवढं जरी लेखकाने प्रामाणिकपणे सुचवलं असेल, तर फसल्यानंतर दोष आपल्याकडे येतो, आणि तसा तो यावा हेच तर आपल्याला हवं असतं. शिवाय इशिगामीचं एकटेपण काढून टाकलं तर त्याची युक्ती उभीच राहत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तिची किंमत मोजायला तयारच झाला नसता. २००६मध्ये होन्काकु लेखकांच्या संघटनेने आपला पुरस्कारही याच पुस्तकाला दिला. वाद मात्र तरीही मिटला नाही.

कुठून सुरुवात करावी असं विचारणाऱ्यांना मी आधी मात्सुमोतो, मग आयात्सुजी आणि शेवटी हिगाशिनो असा क्रम सुचवेन. पुढच्या आठवड्यात कानाए मिनातो. शेवट वाचून मन घाण व्हावं, अशाच कथा मुद्दाम शोधून वाचणाऱ्या वाचकांचा प्रश्न तिथे येणार आहे.