धूर गेला, कोळसा राहिला

डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्लीला रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस होते. घाटात विजेच्या गाड्या चढवण्यासाठी जीआयपी रेल्वेने 1929 मध्ये ते सुरू केले. रोज कोळसा जळे, राख साचे. 1980 च्या दशकात ते बंद झाले आणि परिसराचा धूर गेला. मात्र विजेतला कोळसा गेला नाही, तो लांब गेला. त्याच दशकात चंद्रपूरचे औष्णिक केंद्र वाढत होते. 1999 पासून तिथली वीज 752 किलोमीटर लांबीच्या उच्चदाब एकदिश वाहिनीने भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला येते. या वाहिनीची क्षमता 1,500 मेगावॅट आहे.

आपल्या भागाला वीज पुरवणारी महावितरण स्वतः वीज तयार करत नाही, विकत घेते. त्यामुळे तिच्यासाठी कोळसा सोडणे म्हणजे पुढचे खरेदी करार बदलणे. 2024 मध्ये तिने 6,600 मेगावॅटसाठी अदानी समूहाची निविदा स्वीकारली. त्यात 5,000 मेगावॅट सौर आणि 1,600 मेगावॅट औष्णिक वीज आहे, मुदत 25 वर्षे. सूर्य स्वस्त असताना कोळसा जोडीला कशाला?

उत्तर घड्याळात आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सहानंतर ती शून्यावर येते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. ही तफावत तासाभरात भरून काढावी लागते. कोळशाच्या बॉयलरला अशी घाई जमत नाही. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे संध्याकाळची सोय म्हणून तो दुपारीही पेटता ठेवतात. आपल्याकडे संच साधारण 55 टक्के भाराच्या खाली नेत नाहीत. परिणामी भर दुपारी, ऊन फुकट असताना, कोळसा जळतच राहतो. शिवाय करारानुसार स्थिर आकार द्यावाच लागतो, वीज घेतली नाही तरी. एकदा सही झाली की पाव शतक ग्राहकाच्या बिलात तो बसतो.

म्हणजे प्रश्न सौर पॅनेलचा कमी आणि साठवणुकीचा जास्त आहे. त्याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातच चालू आहे. शहापूर तालुक्यातले चोंढे आणि वर अकोले तालुक्यातले घाटघर, या दोन धरणांच्या उंचीत सुमारे 400 मीटरचा फरक आहे. मागणी कमी असताना खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी टर्बाइनवर सोडायचे. 2008 पासून 125 मेगावॅटचे दोन संच हे काम करतात. मोजदाद केली तर चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात, पण ती हव्या त्या वेळी मिळतात आणि संच काही मिनिटांत भार उचलतो. जुन्या विचारात हे पाणी रात्रीच्या शिल्लक विजेने, म्हणजे बहुतांशी कोळशावर, चढवायचे होते. आता ते दुपारच्या उन्हावर चढवता येते.

अर्थात 250 मेगावॅट म्हणजे महावितरणच्या सुमारे 25,000 मेगावॅटच्या कमाल मागणीचा शंभरावा हिस्सा. सह्याद्रीत अशा जागा आणखी आहेत, पण त्यांना जंगल, गावे आणि वर्षे लागतात. बॅटरी लवकर उभी राहते, तरी काही तासांपुरतीच पुरते. मागणी दुपारकडे सरकवणे हा तिसरा मार्ग. राज्य वीज नियामक आयोगाने 2025 मध्ये घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापराला सवलत ठेवली, ती याच हिशेबाने.

चालू कोळसा केंद्रे उद्या बंद करणे शहाणपणाचे नाही, कारण संध्याकाळ अंधारात जाईल. पण नवा औष्णिक करार करण्याआधी तेवढ्याच संध्याकाळच्या विजेसाठी साठवणुकीचे दर मागवलेच पाहिजेत. वीजदराच्या प्रस्तावावर आयोग सूचना आणि हरकती मागवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या ग्राहकांनी पुढच्या वेळी दरवाढीबरोबर हाही प्रश्न लेखी विचारावा.