पंधरा वर्षांतले नऊ महिने

घरची छोटी गाडी दोन लाख किलोमीटर पळाली की लोक म्हणतात, पैसे वसूल झाले. हे दोन लाख किलोमीटर एकदा तासांत मांडून बघा. सिग्नल, ट्रॅफिक आणि मधूनच हायवेवरची एखादी लांब फेरी धरली, तर सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे झाले ६,६६७ तास, अर्थात २७८ दिवस. पंधरा वर्षांत इंजिन चालू असतं ते एवढंच, सव्वानऊ महिने. पंधरा वर्षांचे एकूण तास होतात १ लाख ३१ हजारांच्या वर. त्यांतले पंचाण्णव टक्के तास गाडी नुसती उभी असते, सोसायटीच्या आवारात नाहीतर रस्त्याच्या कडेला. त्यामुळे छोटी गाडी किती टिकते हे कळायला ती पळून किती झिजते आणि उभी राहून किती झिजते, अशा दोन वेगळ्या हिशेबांची गरज आहे. आपण पहिलाच करतो.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. सगळ्यांच्या ओळखीची, आणि अठ्ठावीस लाखांच्या वर बनलेली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलीमीटर आणि पिस्टनचा एका दिशेचा प्रवास ७२ मिलीमीटर, म्हणजे चार बोटांची रुंदी. सरासरी मिनिटाला २,००० फेरे धरले, तर ६,६६७ तासांत क्रँकशाफ्ट ८० कोटी वेळा फिरतो. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. चार बोटांच्या त्या जागेत एकेक पिस्टन १ लाख १५ हजार किलोमीटर जातो. पृथ्वीला पावणेतीन प्रदक्षिणाच म्हणा, आणि या वाटेत तो १६० कोटी वेळा क्षणभर थांबून उलट फिरतो. तिन्ही सिलिंडरांत मिळून १२० कोटी वेळा ठिणगी पडते.

एवढं होऊन झीज किती? इंजिन खोललं की जुना मिस्त्री सिलिंडरच्या वरच्या काठाशी नख फिरवतो. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत पोचतात तिथवर भिंत घासलेली असते. त्याच्या वर, जिथे रिंग जातच नाही, तिथे मूळ धातूचा बारीक काठ उरतो. नख त्या काठाला अडकलं की बोअर खाल्लं असं तो सांगतो. हा काठ मिलीमीटरच्या काही शतांश भागांचा असतो. बोअरिंग करून नवा पिस्टन टाकायचा तर तो पाव मिलीमीटर मोठा घेतात, पुढच्या खेपेला अर्धा मिलीमीटर. लाखभर किलोमीटर घासून जी झीज होते ती या पाव मिलीमीटरच्या आतबाहेर मावते. कारण वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात धातू धातूला फारसा शिवतच नाही. मधे ऑइलचा काही मायक्रॉनचा पापुद्रा असतो. इंजिनाचं आयुष्य त्या पापुद्र्यावर आहे. पाच हजार किलोमीटरला तीन लिटर धरलं, तरी दोन लाखांना १२० लिटरच ऑइल लागतं. पेट्रोल लागतं त्याच्या शंभरपट.

टायरचा हिशेब मला याहून थक्क करतो. या गाडीचं बारा इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ६२५ वेळा फिरतं. टायर ४० हजार किलोमीटर चालला, तर अडीच कोटी फेरे. नव्या टायरच्या खाचा साधारण सात मिलीमीटर खोल, आणि १.६ मिलीमीटरच्या खाली टायर चालवणं कायद्याला मान्य नाही. मधल्या ५.४ मिलीमीटरला अडीच कोटींनी भागलं, की एका फेऱ्याला झिजणारं रबर निघतं मिलीमीटरच्या ४६ लाखाव्या भागाइतकं. ही जाडी जवळपास एका अणूची आहे.

आता पोटात काय जातं ते बघू. लिटरला १६ किलोमीटर धरले तर दोन लाखांना साडेबारा हजार लिटर पेट्रोल. वजनात सव्वानऊ टन, म्हणजे साडेसहाशे किलोची गाडी स्वतःच्या चौदापट इंधन जाळते. ते जाळायला सुमारे १३५ टन हवा एअर फिल्टरमधून ओढून घेते. आणि लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात असल्यामुळे ते दिसत नाही. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी ठिबकतं तेव्हा कळतं. इंजिन नीट तापलं तर वाफ बाहेर निघून जाते. पण भाजी आणायला दीड किलोमीटर जाऊन परत लावली, की पाणी सायलेन्सरमध्येच साठतं आणि पत्रा आतून सडतो. थोडं ऑइलमध्येही उतरतं. म्हणून रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं इंजिन तीन लाखांनंतरही ठणठणीत मिळतं, आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी दहाव्या वर्षी त्रास देते. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्हॉल्वो २०१३ मध्ये तीस लाख मैल पार करून गेली, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. ती छोटी हॅचबॅक नव्हती, पण ती सतत रस्त्यावर असायची, हे या हिशेबात महत्त्वाचं आहे.

उभ्या गाडीवर काय येतं? मुंबईत वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. पंधरा पावसाळ्यांत तेहेतीस मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा. मारुती ८०० वरून बघितली तर ३.३ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद. उघड्यावर लावलेल्या या एका गाडीवर पंधरा वर्षांत दीड लाख लिटर पाणी कोसळतं, दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. ते अडवायला वर असतो मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतका रंग, आणि त्याखाली जेमतेम पाऊण मिलीमीटरचा पत्रा. कोकणात त्यात खारी हवा. दाराच्या तळातली पाणी जाण्याची भोकं पाल्यापाचोळ्याने बुजली की दार आतून कुजायला लागतं, आणि बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा राहतो, पण उन्हाने रबर कडक होतं, डॅशबोर्डला चिरा पडतात. शिवाय बॅटरी बसते, ब्रेक गंजून ड्रमला चिकटतात, उंदीर वायरी कुरतडतात.

पहिली मारुती ८०० दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी त्यांच्या हाती चावी दिली. २०१० मध्ये वारेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ती सांभाळली. त्यानंतर ती घराबाहेर उभी राहिली आणि काही वर्षांतच गंजून गेली. पुढे कंपनीने ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात मांडली.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीत मात्र पेट्रोलच्या गाडीला पंधरा आणि डिझेलच्या गाडीला दहा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुन्या गाडीचा धूर जास्त, ही काळजी खरीच आहे. तरी मला तपासणीचा मार्ग जास्त न्याय्य वाटतो. कॅलेंडरला धूर मोजता येत नाही, पत्राही चाचपता येत नाही.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा मीटरवरचा आकडा शेवटी बघा. आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला, खालच्या फ्लोअरवर अंगठा दाबा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खळग्यात गंज आहे का बघा. गाडी उचलायला सांगून रनिंग बोर्ड खालून ठोका. भरीव आवाज आला तर पुढे बोला. इंजिनला नव्या रिंगा घालता येतात, बोअर करता येतं, अख्खं इंजिनही बदलून मिळतं. फ्लोअर गेलेली गाडी मात्र सोडून द्या, मग मीटरवर चाळीस हजार का असेनात.