विद्यापीठातील कामगार कोणाच्या हजेरीपटावर?

भिलाई (छत्तीसगढ) : विद्यापीठात शिकविणाऱ्यांखेरीज जो मोठा वर्ग राबतो, त्याला स्वतःचे असे नाव नाही. मराठीत तो ‘शिक्षकेतर’, हिंदीत ‘अशैक्षणिक’. तो काय करतो हे नावातून कळत नाही, काय करीत नाही एवढेच कळते. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, वाहनचालक, माळी, चौकीदार, परीक्षा विभागातील अधीक्षक अशी किती तरी माणसे या एका शब्दात कोंबली जातात. त्यांच्या संघटना देशातील बहुतेक विद्यापीठांत आहेत. त्यांचे संप आणि निवेदने वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येतात आणि ‘परीक्षा पुढे ढकलल्या’ या मथळ्याखाली विसरली जातात. या संघटनांचे बळ नेमके कशात आहे आणि ते का ओसरते आहे, हे समजून घेण्यास भिलाईसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

भिलाई हे पोलाद कारखान्याचे नगर. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. हे नगर ज्या दुर्ग जिल्ह्यात वसले, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. आज येथे छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तंत्रविज्ञान विद्यापीठ आहे. ते २००४ च्या कायद्याने स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी सुरू झाले. राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने त्याला संलग्न आहेत. २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. शेजारच्या दुर्ग शहरात २०१५ मध्ये स्थापन झालेले, आता हेमचंद यादव यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ आहे. तिन्ही संस्था एकविसाव्या शतकातील. म्हणजे कायम पदांचा काळ सरून कंत्राटी नेमणुकांचा काळ स्थिरावला, त्यानंतरच्या.

या प्रदेशात सरकारी व निमसरकारी कार्यालयांतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांची प्रतवारी ऐकण्यासारखी आहे. ‘नियमित’ म्हणजे कायम. ‘संविदा’ म्हणजे मुदतीच्या करारावर. ‘दैवेभो’ म्हणजे दैनिक वेतनभोगी. पूर्ण शब्द उच्चारण्यास वेळ लागतो म्हणून कागदोपत्रीही हाच लघुशब्द रूढ झाला. काहींची मजुरी ‘कलेक्टर दरा’ने मिळते, म्हणजे जिल्हाधिकारी वेळोवेळी जाहीर करतात त्या दराने. आणि सर्वांत शेवटी ‘प्लेसमेंट’, म्हणजे मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत आलेला. एकाच व्हरांड्यात, एकाच प्रकारचे काम करणारी चार माणसे चार वेगवेगळ्या नात्यांनी संस्थेशी बांधलेली असू शकतात. संघटनेच्या दृष्टीने यांपैकी मोजले जाणारे कोण, हा प्रश्न इथून सुरू होतो.

त्याचे मूळ मात्र भिलाईत नाही, दिल्लीत आहे. दिल्ली विद्यापीठ विद्यार्थिनींची ने-आण करण्यासाठी बस चालवीत असे. ही सेवा तोट्यात जाते म्हणून ती बंद झाली आणि चालकांची नोकरी गेली. रामनाथ नावाच्या चालकाने औद्योगिक विवाद कायद्याखाली कपात-भरपाई मागितली. न्यायाधिकरणाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. शिक्षण हा ‘उद्योग’ नव्हे. विद्यापीठाचे मुख्य काम शिक्षक करतात, कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा त्यातील वाटा दुय्यम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. कामगार कायद्यातील त्यांचा अधिकार निर्विवाद होता. तीनच वर्षे आधी, १९६० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील वॉर्ड सेवकांच्या प्रकरणात रुग्णालय हा उद्योग ठरतो असा निकाल त्यांनीच दिला होता. रुग्णशय्येजवळचा सेवक कामगार ठरला; विद्यापीठाच्या बसचा चालक ठरला नाही. हेच गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हा केवळ योगायोग म्हणून नोंदवावा.

ही स्थिती पंधरा वर्षे टिकली. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योग’ शब्दाची व्याप्ती रुंदावली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने रामनाथ प्रकरणाचा निष्कर्ष रद्द ठरविला. शिक्षणसंस्था उद्योगाच्या व्याख्येत आल्या आणि त्यांतील लिपिक, चालक, माळी कामगार ठरले. शिक्षकांचे काय, याचे उत्तर गोव्यातून आले. करंझाळे येथील एका शाळेतील शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नाही, कारण त्याचे काम ना अंगमेहनतीचे, ना कारकुनी, ना तांत्रिक. परिणाम मोठा विलक्षण झाला. ज्या आवारात प्राध्यापकाला सगळी प्रतिष्ठा आहे, त्या आवारात कामगार कायद्याचे संरक्षण शिपायाला आहे आणि प्राध्यापकाला नाही.

संसदेने १९८२ मध्ये शिक्षणसंस्था आणि रुग्णालये या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती मंजूर केली होती. तिचा तो भाग कधीच अमलात आला नाही; वगळल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी पर्यायी यंत्रणा उभी राहिली नाही, हे त्याचे कारण. १९७८ च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यातील ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय व समाजसेवी संस्था वगळल्या आहेत, सार्वभौम स्वरूपाची शासकीय कामे वगळली आहेत, शिक्षणसंस्थांचा मात्र १९८२ प्रमाणे नाव घेऊन उल्लेख नाही.

कायद्याने कामगार ठरणे एक, मागणी मान्य करून घेणे दुसरे. विद्यापीठातील कर्मचाऱ्याच्या हाती असलेले साधन कारखान्यातील कामगाराहून वेगळे आहे. कारखान्यात काम थांबले की माल थांबतो. विद्यापीठात तास थांबले तर आठवडाभर कोणाला फारसे जाणवत नाही, पण परीक्षा थांबली की राज्यभर जाणवते. परीक्षा अर्जांची छाननी, हॉल तिकिटे, प्रश्नपत्रिकांची पाकिटे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गुणांची नोंद, निकाल, गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र ही सारी साखळी शिक्षकेतरांच्या हातून जाते. संलग्न महाविद्यालये जितकी अधिक, तितकी ही साखळी लांब.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय दोनदा आला. २०२० च्या सप्टेंबरअखेर, करोनाकाळातील अंतिम वर्षाच्या परीक्षा तोंडावर असताना, विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांनी लेखणी बंद आंदोलन केले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार आणि मग २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप झाला. सुधारित आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करणे, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, रिक्त पदांची भरती, जुनी निवृत्तिवेतन योजना या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. विद्यापीठांना वेळापत्रके बदलावी लागली. विद्यार्थ्यांचा रोष स्वाभाविक होता आणि संघटनांनी तो हलका मानू नये. पण वर्षभर निवेदने देऊनही जी फाईल हलत नाही, ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हलते, हा धडा शासनानेच त्यांना शिकविला आहे.

या मागण्या वारंवार का उद्भवतात, याचे कारण वेतनाच्या रचनेत आहे. शिक्षकांच्या वेतनश्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशींनुसार ठरतात आणि त्या लागू करताना केंद्र वाढीव भाराचा काही हिस्सा ठरावीक काळ उचलते. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी तो ५० टक्के, १ जानेवारी २०१६ ते ३१ मार्च २०१९ पर्यंतचा, होता. शिक्षकेतरांच्या पाठीशी असा केंद्रीय आधार नाही. त्यांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून आणि राज्याच्या निर्णयातून येते. राज्याचे कर्मचारी म्हणावे तर ते स्वायत्त संस्थेचे सेवक, विद्यापीठाचे म्हणावे तर निर्णय मंत्रालयात. त्यामुळे शासकीय कर्मचाऱ्यांना मिळालेला प्रत्येक लाभ त्यांना स्वतंत्रपणे मागावा लागतो. संघटनेचे बरेचसे काम याच पाठपुराव्यात जाते. सेवाज्येष्ठता यादीतील चूक दुरुस्त करून घेणे, निवृत्त सहकाऱ्याचे निवृत्तिवेतनाचे कागद पुढे सरकविणे, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला ते शोधणे यात संप नाही, घोषणा नाहीत. सभासद टिकतात ते मात्र याच कामांमुळे.

या वर्गाच्या लढ्याने इतिहासही घडविला आहे. मार्च १९४९ मध्ये ढाका विद्यापीठातील चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांना पाठिंबा देणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षा झाल्या. त्यांपैकी कायद्याच्या एका विद्यार्थ्याने दंड भरण्यास नकार दिला आणि त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. तो विद्यार्थी म्हणजे शेख मुजीबुर रहमान. विद्यापीठाने ती कारवाई २०१० मध्ये रद्द केली. तोवर त्यांच्या हत्येला ३५ वर्षे झाली होती.

भिलाईत कायम आणि कंत्राटी यांतील दरीचा प्रश्न आवारात येण्याआधी कारखान्यांत आणि खाणींत आला. दल्ली राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांची संघटना उभी करणारे शंकर गुहा नियोगी स्वतः एके काळी भिलाई कारखान्यात कामाला होते. कायम कामगारांच्या संघटना ज्यांना आपले मानीत नव्हत्या, त्या मजुरांना १९७७ पासून त्यांनी एकत्र आणले. १९९० नंतर त्यांनी भिलाईतील खासगी कारखान्यांकडे लक्ष वळविले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरी झोपेत असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर झालेल्या पोलीस गोळीबारात डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कंत्राटी माणसाला कायम म्हणा, एवढ्या मागणीची किंमत या नगराला ठाऊक आहे.

न्यायालयांची दिशाही पुढे बदलली. भिलाई कारखाना ज्या स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया कंपनीचा आहे, तिच्याच प्रकरणात ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की एखाद्या कामातील कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने शासकीय सेवेत मागील दाराने कायम होण्याचा मार्ग रोखला. मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी एकवेळची सवलत ठेवली. ती सवलत विसरली गेली आणि नकार तेवढा स्मरणात राहिला. डिसेंबर २०२४ मधील जग्गो प्रकरणात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या सोयीस्कर विस्मरणावर बोट ठेवले. नित्याचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसांकडून करून घेऊन उमादेवी निकालाची ढाल पुढे करता येणार नाही, असे या निकालांचे सांगणे आहे.

नव्या संहितेने संघटनांपुढे आणखी काही गणिते मांडली आहेत. नोंदणीसाठी १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे, मात्र सातांपेक्षा कमी नको. मालकाशी वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांचे वाटाघाटी मंडळ बनते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच मानला जातो. विद्यापीठ संघटनांचे आवडते ‘सामूहिक रजा आंदोलन’ यापुढे संहितेच्या दृष्टीने नोटिशीविना झालेला, म्हणजे बेकायदा संप ठरू शकेल आणि त्याला दंडाची किंवा कैदेची तरतूद आहे.

यात खरा कळीचा शब्द ‘हजेरीपट’ हा आहे. एजन्सीमार्फत आलेला चौकीदार विद्यापीठाच्या फाटकावर उभा असतो, पण त्याची हजेरी कंत्राटदाराच्या पटावर लागते. विद्यापीठातील संघटनेच्या ५१ टक्क्यांत तो धरला जात नाही आणि विद्यापीठाशी होणाऱ्या वाटाघाटीत त्याचा पगार विषयपत्रिकेवर येत नाही. कायम कर्मचारी निवृत्त होत जातात, त्यांच्या जागा एजन्सी भरते आणि संघटनेचा पट दरवर्षी आखूड होतो. तिच्या घटनेत सभासदत्व केवळ कायम सेवकांपुरते असेल तर ती काही वर्षांत निवृत्तांची संघटना होईल. कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण बहुतेक वेळा जुन्या सभासदांच्या मनात असते, कारण आपल्याला मिळणारा लाभ वाटून घ्यावा लागेल ही भीती खोटी नसते.

कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी आता व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत आहेत. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास तिने मनाई केली आहे, काही अपवाद ठेवून. गाभ्याबाहेरच्या कामांची यादीही तिनेच दिली आहे : साफसफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम, हाऊसकीपिंग, वाहतूक. विद्यार्थिनींची बस चालविणारा १९६३ मध्ये कामगार नव्हता, १९७८ मध्ये झाला. त्याचे काम आज या यादीत आहे.