लॅपटॉप नाही, फक्त कार्ड बदला

रायपूरच्या सदर बाजारात सराफांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा दाट वस्तीत राहत असाल, तर तुमच्या वाय-फायला शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी नडते. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. पाच गिगाहर्ट्झवर बरीच मोकळी जागा असते, पण बऱ्याच जुन्या लॅपटॉपच्या कार्डला ते दिसतच नाही.

तुमच्या राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं नाव मोबाइलवर दिसतं आणि लॅपटॉपवर नाही? मग मुलांच्या ऑनलाइन क्लाससाठी लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. आधी मागचं झाकण उघडून बघा, म्हणजे दुकानदाराला उघडायला सांगा.

कार्ड मिनी पीसीआयई प्रकारचं असेल, तर इंटेलचं 'एसी 7260' मागा. एम.2 असेल, तर 'एएक्स 200' चांगलं. त्याला 64-बिट विंडोज 10 लागतं. इथेच लोक फसतात: 'एएक्स 201' दिसायला तसंच, पण ठरावीक इंटेल प्रोसेसरशिवाय ते चालत नाही. शिवाय काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ओळखीच्या कार्डाखेरीज दुसरं स्वीकारत नाही. म्हणून 'नाही चाललं तर परत' हे आधीच ठरवून घ्या.

काम स्वतः करणार असाल तर चार्जर काढा, बॅटरी सोडवा आणि अँटेनाच्या दोन्ही वायरींचा फोटो काढून ठेवा. त्यांची टोकं नाजूक असतात. सरळ वरून दाबून बसवा. कार्ड बोर्डलाच डकवलेलं निघालं, तर ड्युअल-बँडचा यूएसबी डोंगल घ्या.