गोठ्यातील कॅमेरा व्हॉइस असिस्टंटशी जोडला जात नाही? अशी करा टप्प्याटप्प्याने तपासणी

गोठा, कांदाचाळ, पॅकहाऊस आणि शेतघराच्या राखणीसाठी वाय-फाय कॅमेऱ्यांचा वापर वाढला आहे. अनेक शेतकरी हे कॅमेरे घरातील अलेक्सा किंवा गुगल असिस्टंटशी जोडतात, म्हणजे हात कामात असतानाही आवाज देऊन गोठ्याचे चित्र पाहता येते. मात्र जोडणी होत नाही म्हणून कॅमेरा वारंवार रीसेट केला जातो. त्यात आधीच्या सेटिंग पुसल्या जातात आणि त्या रात्री राखण उघडी पडते. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे आधी शोधावे.

जोडणी कशी चालते?
कॅमेरा राउटरमार्फत इंटरनेटवर जातो आणि कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. व्हॉइस असिस्टंट त्याच सर्व्हरकडून चित्र मागतो. म्हणून बहुतेक वेळा शेतातील कॅमेरा आणि घरातील स्पीकर एकाच वाय-फायवर असण्याची गरज नसते. कॅमेरा, इंटरनेट, कंपनीचे खाते आणि असिस्टंट या साखळीतील एक कडी तुटली तरी जोडणी होत नाही.

१. आधी कंपनीचे ॲप तपासा
मोबाईलचे वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर कॅमेऱ्याचे ॲप उघडावे.
- चित्र दिसत नसेल, तर दोष कॅमेरा, वीज किंवा इंटरनेटचा आहे. मुद्दा २ पाहावा.
- चित्र दिसत असेल, तर कॅमेरा ठीक आहे. रीसेट करू नये. थेट मुद्दा ३ पाहावा.

२. वीज आणि वाय-फाय
- भारनियमनानंतर कॅमेरा लगेच सुरू होतो, पण राउटरला इंटरनेट मिळण्यास काही मिनिटे लागतात. ५ मिनिटे थांबावे. तरीही कॅमेरा ऑफलाइन असेल, तर फक्त त्याचा प्लग काढून पुन्हा लावावा. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो.
- बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव असेल, तर दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि जोडणी करताना मोबाईलही २.४ वर ठेवावा.
- पत्र्याचे शेड आणि जाड दगडी भिंत सिग्नल अडवतात. कॅमेऱ्याजवळ उभे राहून त्याच वाय-फायवर मोबाईलमध्ये व्हिडिओ चालतो का ते पाहावे. अडखळत असेल, तर राउटरची जागा बदलावी किंवा एक्स्टेंडर लावावा.
- मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलेला कॅमेरा मोबाईल शेतातून बाहेर गेला की बंद पडतो. अशा ठिकाणी सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा किंवा ४जी राउटर वापरावा.

३. खात्याची जोडणी
- अलेक्सा ॲपमध्ये कॅमेरा कंपनीचे ‘स्किल’ सुरू करून कंपनीच्या खात्याने लॉगिन करावे. गुगल होम ॲपमध्ये नवीन उपकरण जोडताना कंपनीची सेवा निवडून असेच लॉगिन करावे.
- कॅमेरा खात्याचा पासवर्ड बदलल्यास जुनी जोडणी तुटू शकते. ती काढून पुन्हा करावी.
- कॅमेरा मुलाच्या खात्यावर नोंदवून वडिलांच्या मोबाईलवर ‘शेअर’ केला असेल, तर अनेक ॲपमध्ये तो असिस्टंटला दिसत नाही. मूळ खाते जोडावे.
- खाते उघडताना देश चुकीचा निवडला असल्यास उपकरण सापडत नाही. देश भारत आहे का ते तपासावे.
- त्यानंतर ‘अलेक्सा, डिस्कव्हर डिव्हाइसेस’ किंवा ‘हे गुगल, सिंक माय डिव्हाइसेस’ असे म्हणावे.

४. जोडला आहे, पण आज्ञा ऐकत नाही
- उपकरणाचे नाव छोटे आणि वेगळे ठेवावे. अलेक्सा स्पीकर भारतात इंग्रजी व हिंदीत चालतो, त्यामुळे मराठी नाव ओळखण्यात चूक होऊ शकते. ‘फार्म गेट’, ‘कॅमेरा वन’ अशी नावे सोपी पडतात.
- साध्या स्पीकरवर चित्र दिसू शकत नाही. त्यासाठी स्क्रीन असलेले उपकरण किंवा जुळणारा टीव्ही लागतो.
- केबल आणि डीव्हीआरवर चालणारे अनेक जुने संच असिस्टंटला जोडताच येत नाहीत. खरेदीपूर्वी खोक्यावर अलेक्सा किंवा गुगलशी जुळत असल्याची खूण पाहावी.

सुरक्षिततेसाठी हे टाळू नका
- कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी.
- स्मार्ट कुलूप किंवा अलार्म आवाजाने उघडण्या-बंद करण्याची सोय असल्यास पिन ठेवावा. स्पीकर खिडकीजवळ ठेवू नये. बाहेरचा माणूसही आज्ञा देऊ शकतो.
- ग्राहक सेवेचा क्रमांक खोक्यावरून किंवा ॲपमधूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधलेले क्रमांक बनावट असू शकतात. ओटीपी सांगू नये, स्क्रीन दाखवणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. पैशांची फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.
- चोरी झाली असल्यास रीसेट किंवा मेमरी कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी चित्रीकरणाची प्रत काढून ठेवावी.

लक्षात ठेवा
असिस्टंटची जोडणी तुटली तरी कॅमेरा, मेमरी कार्डवरील चित्रीकरण आणि मोबाईलवरील सूचना चालू राहू शकतात. त्यामुळे रात्री जनावरे बांधल्यावर स्पीकरला विचारून न थांबता ॲपमध्ये कॅमेरा ऑनलाइन आहे, सूचना सुरू आहेत आणि कार्डवर आजचे चित्रीकरण आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. त्या ठीक असतील, तर आवाजाची जोडणी दुसऱ्या दिवशी सवडीने दुरुस्त केली तरी चालते.