आल्याची धग आणि मधमाशीचा निरोप

फ्रिजमधला आल्याचा तुकडा काढून तसाच थंडगार चावून बघा. दोन-चार क्षणांत जीभ पोळते, कानशिलं तापतात, नाक वाहायला लागतं. एवढी उष्णता आली कुठून? कुठूनच नाही. थर्मामीटर लावलात तर तोंड तापल्याचं त्याला दिसणारही नाही.

जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरचं काही टेकलं की ते उघडतं, त्यातून कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूला खबर जाते की भाजतंय. हे प्रथिन १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, तेही मिरची तिखट का लागते याचा माग काढता काढता. त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन, मिरीतलं पायपरिन आणि आल्यातलं जिंजरॉल ही तिन्ही रसायनं नेमकी याच प्रथिनाला डिवचतात. आग कुठेच नसते, पण कुणीतरी धोक्याची घंटा वाजवून पळालेलं असतं.

पुदिन्याचा खेळ याच्या उलट. गारवा ओळखणारं प्रथिन वेगळं, टीआरपीएम-८, आणि त्याला पुदिन्यातलं मेंथॉल चिथावतं. चोंदलेल्या नाकानं मेंथॉल हुंगलं की कसं मोकळं मोकळं वाटतं! पण संशोधकांनी नाकातून जाणारी हवा मोजली, तर ती आधी होती तेवढीच भरली. नाक सुटलेलंच नसतं, फक्त आत गार हवा शिरल्याचा भास होतो. आणि तेवढ्यानं झोप लागते, हे काय कमी आहे?

याहून गमतीचा प्रयोग २००८ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात झाला. सर्दी झालेल्या ३० जणांना फळांचं एक साधं पेय दिलं, कुणाला गरम तर कुणाला खोलीच्या तापमानाचं. खोलीच्या तापमानाच्या पेयानं शिंका, खोकला, वाहतं नाक यांत थोडा आराम वाटला. गरम पेय घेणाऱ्यांना मात्र त्याखेरीज घसादुखी, हुडहुडी आणि थकवा यांतही लगेच बरं वाटलं. नाकातली हवा मोजली तर दोन्हीकडे फरक शून्य. त्या पेयात ना तुळस होती, ना आलं, ना लवंग. माझं आपलं मत असं की आपल्या काढ्याच्या लौकिकात मोठा वाटा पातेल्याखालच्या गॅसचा आहे. उरलेला काही वाटा दिवसांचा, कारण साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच जाते. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना याचा अंदाज चांगलाच असावा.

म्हणून सुंठीला मोडीत काढायचं कारण नाही. मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातल्या मळमळीवर, आल्याचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांमध्ये दिसलं आहे. आणि आल्याची सुंठ होताना जे घडतं ते तर अफलातून आहे. आलं वाळतं तसा जिंजरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मागे उरतं शोगाओल, जे जिंजरॉलपेक्षा जास्त तिखट. वाळल्यावर जहाल होणारी चीज! म्हणून सहाणेवर उगाळलेली चिमूटभर सुंठ जिभेला लावली तरी डोळ्यांत पाणी उभं राहतं. तेच आलं शिजवलं, की जिंजरॉलचा काही भाग झिंजरोन बनतो. हे सौम्य, जरा गोडसर वासाचं. कच्चं, शिजलेलं आणि वाळलेलं, अशी एकाच कंदाची तीन वेगळी रूपं. या कंदाचं आणखी एक नवल म्हणजे आलं रानात आपसूक उगवलेलं कुठे आढळत नाही. माणसानं तुकडा पुरावा आणि त्यातून नवा कंद यावा, अशीच त्याची वंशवेल चालत आली आहे.

आता गवती चहाकडे वळू. पाती खुडताना बेसावध राहिलात तर बोट कापतंच, कारण त्या पातीच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. गाठ मारून पातेल्यात टाकली की घरभर लिंबासारखा वास सुटतो. हा वास मुख्यतः सिट्रालचा. गवती चहाच्या तेलात बहुतांश तेच असतं. आणि हेच सिट्राल मधमाशीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतूनही पाझरतं! कामकरी माशी पोळ्याच्या दाराशी शेपूट वर करून पंख फडफडवते आणि हा गंध वाऱ्यावर सोडते. इतर माश्यांना त्याचा अर्थ कळतो, की घर इथे आहे, इकडे या. म्हणून तर नव्या पेटीत थवा उतरावा यासाठी मधमाश्या पाळणारे पेटीला गवती चहाचं तेल लावतात. माशीला जो घरचा निरोप वाटतो, तो आपण पावसाळ्यात चहात उकळून पितो.

वास घरभर पसरला म्हणजे तेवढं तेल कपातून गेलं, हेही लक्षात घ्या. गवती चहा, तुळस, पुदिना हे उडून जाणाऱ्या तेलांचे मालक. पाणी उकळल्यावर गॅस बंद करायचा, पाती टाकायची आणि वर झाकण ठेवायचं. आल्याचं तिखट असं सहज उडत नाही, ते खुशाल खळखळू द्यावं.

हळदीचं प्रकरण जरा मोठं आहे. हळदीनं जखम भरते, या 'शोधा'चं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. त्याविरुद्ध उभी राहिली सीएसआयआर ही भारताची संशोधन संस्था. पेटंटला आव्हान देताना तिचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. संस्थेनं जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. लढाई जिंकली हे खरंच, पण हळदीतलं करक्युमिन आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही, आणि शिरलंच तर यकृत त्याला झटपट बाहेरची वाट दाखवतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली काही निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर रक्तातलं करक्युमिन वीसपट वाढलं. मिरीनं यकृताची साफसफाई रोखून धरली होती. हळदीच्या दुधात मिरपूड घालणाऱ्यांना हे ऐकून धन्य वाटेल, पण जरा हिशोब करा. हळदीत करक्युमिन सुमारे ३ टक्के. २ ग्रॅम हवं तर पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल, म्हणजे वीसेक चमचे. असं दूध कोण पिणार! शिवाय मिरी जे करक्युमिनला करते ते काही औषधांनाही करू शकते. फिटवरच्या फेनिटॉइन या औषधाची रक्तातली पातळी पायपरिननं वाढल्याचं दिसलं आहे.

काढ्यातल्या सर्वांत गोड घटकाची तर मला मनापासून धास्ती वाटते. तो म्हणजे जेष्ठमध. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड. मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसोल नावाच्या संप्रेरकाला गप्प बसवत असतं. जेष्ठमध त्या एन्झाइमचेच हात बांधतो. मग मोकळं सुटलेलं कॉर्टिसोल भलत्याच संप्रेरकाच्या, अल्डोस्टेरॉनच्या, जागी जाऊन बसतं. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम गमावतं आणि रक्तदाब चढतो. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळणं वेगळं आणि महिनोन् महिने रोज काढा पिणं वेगळं. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांना विचारूनच करावं. आणि मध कितीही शुद्ध असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्याला त्यांना थोपवता येत नाही.

शेवटी आल्याच्या चहातलं नासलेलं दूध. ठेचलेलं आलं थेट दुधात टाकून तापवायला ठेवलं की दूध फुटतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनाच ठाऊक असतं, तरी दोष बिचाऱ्या दूधवाल्याला दिला जातो. खरा गुन्हेगार असतो आल्यातला झिंजिबेन हा एन्झाइम. चीज करताना रेनेट करतं तसंच काम तो करतो, दुधातली प्रथिनं कापतो. त्याचा जोर ६० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त, आणि उकळत्या पाण्यात मात्र तो निकामी होतो. म्हणून आधी पाणी, त्यात आलं, खळखळून उकळी आणि मगच दूध. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात मात्र मुद्दाम उलटं करतात. वाटीत ताज्या आल्याचा रस घेतात, साखर घातलेलं दूध ७० अंशांच्या आसपास आणून वरून एकदम ओततात आणि वाटीला मुळीच हात लावत नाहीत. काही मिनिटांत खरवसासारखी थरथरती वडी जमते. करून बघायची असेल तर आलं ताजं रसरशीत घ्या आणि दूध उकळू देऊ नका.