बरणीतला बर्फ

१९०० च्या सुमारास व्हिएन्नात एर्विन पेर्झी हा कारागीर दिव्याचा उजेड वाढवू पाहत होता. पाण्याने भरलेल्या काचगोळ्यात त्याने रवा टाकला. उजेड काही वाढला नाही. बर्फ मात्र पडू लागला! असा गोळा तुम्हीही घरी करून पाहा. बरणीच्या झाकणाला आतून प्लॅस्टिकचे झाड पाण्यात न सुटणारे लुकण लावून चिकटवा, पुरते वाळू द्या. बरणीत उकळून गार केलेले पाणी, थोडे ग्लिसरीन आणि चिमूटभर चमकी घाला. रवा नको, तो फुगतो, आंबतो. झाकण घट्ट लावून बरणी उलटी ठेवा. आता ग्लिसरीन कशाला? नुसत्या पाण्यात चमकी भरकन तळ गाठते. दाट द्रव तिला अडवतो, म्हणून ती रेंगाळत उतरते. पण हे मुलांना आधी सांगू नका. दोन बरण्या करा, एक ग्लिसरीनवाचून. फरक त्यांनाच शोधू द्या.